झऱ्याच्या वरच्या अंगाला

काम काय करतोस, असं कुणी विचारलं की दोन वर्षं मी "टुरिस्ट गाडीवर ड्रायव्हर" एवढंच सांगायचो. ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं गाडीच्या पोटाखाली दोन टाक्यांत असायचं, आणि ते मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आमच्या मालकानं शिरवळला हायवेपासून थोडं आत शेड टाकलंय. तिथं दोन गाड्या असतात. बाहेरून मोठ्या टेंपोसारख्या, आत घर. पलंग, गॅस, बेसिन आणि कपाटाएवढ्या जागेत संडास-मोरी. पुण्याची माणसं तीन-चार दिवसांसाठी भाड्यानं घेतात, मी चालवतो, धरणाच्या पाण्याकाठी नेऊन लावतो. लोकांना कौतुक भारी. बसल्या जागी डोंगर दिसतो, बसल्या जागी चहा होतो आणि बाकीचंही सगळं होतं. ते बाकीचं पुढं कुठं जातं, हे मात्र एकाही पाहुण्यानं मला आजवर विचारलेलं नाही. बटण दाबलं, पाणी गेलं, विषय संपला.

तर ते जातं टाकीत. एक टाकी अंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची, दुसरी संडासाची. दुसरीत आम्ही एक निळं औषध ओततो, त्यानं घाण विरघळते आणि वास मरतो. मरतो कसला, त्याच्यावर दुसरा वास बसतो, फिनेल आणि उदबत्ती एकत्र केल्यासारखा गोडसर. टाकी भरत आली की माझ्या पुढ्यात लाल दिवा लागतो. मग शिरवळला यायचं, गाडीखालचं झाकण काढायचं, जाड पाइप जोडायचा, पाइपचं दुसरं तोंड शेडमागच्या चेंबरमध्ये सोडायचं आणि पंप चालू करायचा. पंप आतलं सगळं दळून बाहेर फेकतो. पाच मिनिटांचं काम. पाइप वीस फुटांचा आहे, त्याच्या पलीकडं तो पोचत नाही. एवढं ध्यानात असू द्या.

यात लाजायचं काय, असं तुम्ही म्हणाल. म्हणायला काय जातंय? आमचं गाव कवठे महांकाळच्या पल्याड. दुसऱ्याची घाण उपसायचं काम ज्या घरांच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या मारलं, त्या घरचं पाणी आमच्या गावात कुणी प्यायलं नाही. त्यांना पाणी द्यायचं तर पायरीखाली उभं करून, वरून. लहानपणी मीही त्यांच्या दारावरून तोंड फिरवून गेलोय. तेच काम पगारावर माझ्या हातात आलं तेव्हा मला कामाची लाज वाटली. तोंड फिरवल्याची वाटायला हवी होती, ती वाटली नाही. घरी जाताना हातमोजे मी सीटखाली कोंबून जायचो.

आबांना तर मी काहीच कळू दिलं नव्हतं. आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर मेंढरं राखली. सव्वाशे मेंढरांचा कळप होता आमचा. दिवाळी झाली की आमच्या भागातलं रान वाळून कोळ व्हायचं, मग आबा कळप घेऊन पश्चिमेला निघायचे. विटा, कऱ्हाड, पाटण करत कोयनेच्या खोऱ्यात. पाऊस तोंडावर आला की माघारी. पंधराव्या वर्षापर्यंत मी त्यांच्यामागून ती वाट पायी तुडवलीय. तिकडं भात कापून झालेलं असायचं आणि शेतकरी वाटच बघत असायचे, आमच्या रानात मेंढरं बसवा म्हणून. भोवती जाळीची वाघर लावून कळप दोन-तीन रात्री रानात बसवला की मूत-लेंड्यांनी जमीन अशी तयार व्हायची की पुढच्या साली भात कमरेला लागावं. त्याबदली घरधनी धान्य घालायचा.

आबांचा एक नियम होता. नव्या रानात गेलं की आधी पाणी कुठं आहे ते बघायचं आणि त्याच्या खालच्या अंगाला तळ टाकायचा. "पानी वर, मेंढरं खाली," एवढंच म्हणायचे. वरचं रान कितीही चांगलं असो, मालकानं कितीही आग्रह करो, झऱ्याच्या वर आबांनी एक कोकरू बसू दिलं नाही. आणि तळ उठवायच्या सकाळी ते त्या झऱ्यावरून तांब्या भरून आणायचे, घरधन्याच्या दारात उभं राहायचे आणि सगळ्यांसमोर पिऊन रिकामा करायचे. पिऊन झालं की तांब्या पालथा धरून दाखवायचे. बोलायचे काही नाहीत. तुमचं पाणी होतं तसं ठेवून चाललोय, असा त्याचा अर्थ. मगच घरधनी धान्य घालायचा आणि म्हणायचा, पुढच्या साली या. आबांना धान्यापेक्षा त्या तीन शब्दांचा अभिमान जास्त. कोयनेच्या खोऱ्यात असं एक घर नाही, जिथनं मला "या" म्हटलं नाही, असं ते अजून सांगतात. म्हणजे सांगायचे.

कळप विकून आता वीस वर्षं झाली. मी कधी टेंपो चालवला, कधी ऊसतोडीचा ट्रॅक्टर, आणि शेवटी ही गाडी. गंमत बघा, गाडीची सगळ्यात चालणारी ट्रिप नेमकी कोयनानगरची निघाली. पाटणच्या पुढं गेलो की प्रत्येक वळण माझ्या ओळखीचं.

त्यातल्या एका वळणाखाली एक घर आहे. वर रस्ता, रस्त्याला लागून एक खाचर, त्याच्या खाली दगडी कुंडीत पडणारा झरा, झऱ्याखाली घर आणि घराखाली उतरत गेलेली भाताची बाकीची खाचरं. आमची मेंढरं त्या खालच्या खाचरांत बसायची. पहिल्याच ट्रिपला मी गाडी वर उभी केली, पाहुणे फोटो काढत होते, आणि सहज म्हणून खाली उतरलो. अंगणात एक म्हातारी नाचणी पाखडत होती. मला बघितलं, सूप खाली ठेवलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली की तू मेंढक्या भावजींचा मुलगा, चालतोस त्यांच्यासारखाच. तीस वर्षांनी. मी तिला काकी म्हणायचो. तिचे मालक वारले होते, मुलगा नोकरीला लांब, ती एकटीच राहत होती. तिनं चहा दिला आणि आबांचं सगळं विचारून घेतलं, डोळे कसे आहेत, गुडघे कसे आहेत, जेवण जातं का. मी फुगून वर आलो. पाहुण्यांना सांगितलं की इथं आमचं घरचं आहे.

पुढच्या एका ट्रिपला अंघोळीच्या पाण्याची टाकी भरली. पाहुणे असे की दिवसातून दोनदा अंघोळ. मी काकीला विचारलं, साबणाचं पाणी आहे, वरच्या खाचरात सोडलं तर चालेल का? खाली नेता येत नव्हतं, गाडी रस्त्यावर आणि पाइप वीस फुटांचा. ती म्हणाली, सोड की, बांधावर केळी आहेत, तेवढंच त्यांना पाणी होईल. झरा खाली आहे हे मला तेव्हाही दिसत होतं. पण साबणाचंच तर पाणी आहे, असं म्हणून मी ते सोडलं, आणि पुन्हा दोन-तीनदा सोडलं.

संडासाची टाकी तिकडं रिकामी करायला मालकानं कोयनानगरजवळ एका हॉटेलाशी बोलून ठेवलं होतं. त्या वर्षीच्या पावसानंतर त्या हॉटेलाचा खड्डाच खचला आणि मॅनेजरनं हात वर केले. इकडं माझ्या पुढ्यात लाल दिवा, पाहुण्यांचे अजून दोन दिवस बाकी, आणि एक बाई नाकाला रुमाल लावून मला विचारतेय की हा वास कसला येतोय. बाई, तुमचाच येतोय, हे ओठांवर आलेलं गिळलं. मालकाला फोन केला तर तो म्हणाला, बघ काहीतरी तिकडंच. शिरवळला जाऊन यायचं म्हणजे आठ तास. आता मी मालकाला दोष देऊ शकतो, आणि बरेच दिवस दिलाही. पण "काहीतरी" कुठं करायचं ते त्यानं सांगितलं नव्हतं. ते माझं मी ठरवलं.

आणि दिवस कसा निवडला बघा. बाजाराचा दिवस. काकी संध्याकाळपर्यंत घरी नसते हे मला माहीत होतं. पाहुण्यांना बोटिंगला सोडलं, गाडी वळणावर आणली, पाइप जोडला, वरच्या खाचरात सोडला आणि पंप चालू केला. भर दुपार होती, वर घारी फिरत होत्या. निळसर काळं पाणी वाळल्या भाताच्या खुंटांमधून पसरलं आणि जमिनीनं बघता बघता ओढून घेतलं. तिकडची जमीन जांभ्याची, भेगाळ, तिला प्यायला वेळ लागत नाही. मी स्वतःशी वाद घालत होतो की लेंडी ती लेंडी, घाण ती घाण, रानाला खतच आहे. आबांनी जन्मभर दुसरं काय केलं? चोरी करताना माणसाला स्वतःचा बापसुद्धा साक्षीला उभा करता येतो. "पानी वर, मेंढरं खाली" हे मला आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही. पंप चालू असताना ते सगळा वेळ माझ्या डोक्यात वाजत होतं. मग मी पायानं चार ढेकळं त्यावर सारली आणि निघालो.

एकदा जिरलं म्हटल्यावर दुसऱ्यांदा विचार करावा लागला नाही. असं मी तीन वेळा केलं. काकीनं एकदा विचारलं की मध्ये गाडी येऊन गेली का, तर मी अंघोळीचंच पाणी सोडलं म्हणून सांगितलं. तिनं वर केळीला नवा कोंब फुटल्याचं सांगितलं.

तिसऱ्या खेपेनंतर पंधरा दिवसांनी मी पुन्हा त्या वळणावर आलो तर घराला कुलूप. शेजारच्या घरातल्या बाईनं सांगितलं की काकीला उलट्या-जुलाब झाले, आरोग्य केंद्रात दोन दिवस सलाईन लावलं, आता मुलाच्या ओळखीच्यांकडं आहे, परवा येईल. परत जाताना मुद्दाम थांबलो. काकी आली होती, भिंतीला टेकून बसली होती, हाताला सुई टोचलेल्या जागी काळंनिळं झालेलं. तिनंच मला सांगितलं की झऱ्याच्या पाण्याला वास यायला लागलाय, गोड, अत्तरासारखा. मध्यंतरी धरणी हलली ना, तेव्हापासून.

कोयनेला धरणी हलणं नवं नाही. फळीवरची भांडी वाजतात, माणसं अंगणात येतात, थोडा वेळ थांबतात आणि परत आत जाऊन कामाला लागतात. जुनी माणसं म्हणतात, धरणी हलली की झरे फिरतात. कुणाचा आटतो, कुणाचा गढूळ होतो. त्या महिन्यातही एक बारीकसा धक्का बसला होता. काकीनं त्याच्यावर सगळं घातलं होतं आणि मला फक्त गप्प बसायचं होतं.

मी गप्पसुद्धा बसलो नाही. मी म्हणालो, "व्हय काकी, धरनीचं काय सांगावं."

आयुष्यात मी पुष्कळ वाईट बोललोय. दारू पिऊन बोललोय, बायकोला बोललोय, एकदा आबांनाही उलट बोललोय. पण या वाक्याएवढं वाईट काही बोललो नाही.

झरा हेच त्या घरचं पाणी. वाडीला नळ आलाय, पण त्या चढापर्यंत पाणी चढत नाही. काकी आता खालच्या हातपंपावरून पाणी आणत होती, एकेक कळशी, तीन ठिकाणी टेकत. मी काय केलं? गाडीच्या स्वच्छ पाण्याच्या टाकीतून तिचं पिंप भरून दिलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. शेजारणीला हाक मारून सांगितलं की बघ, मेंढक्याचं पोर बापावर गेलंय. त्यानंतर मी तिथं पाइप सोडला नाही, गाडीसुद्धा थांबवली नाही. हॉर्न न वाजवता त्या वळणावरून जायचो.

पण आबांचा फोननंबर मी काकीला पहिल्याच भेटीत देऊन बसलो होतो. तिनं शेजारणीच्या मोबाइलवरून आबांना फोन केला, दुखण्याचं सांगितलं, पाणी फिरल्याचं सांगितलं. आबांनी लगेच मला बोलावणं धाडलं. मला वैनीला बघायला ने. आबा तिला वैनी म्हणतात. मी सीझनचं कारण सांगितलं, गाडीचं सांगितलं, त्यांच्या गुडघ्यांचं सांगितलं. आबा ऐंशीच्या पुढं, एका डोळ्यानं दिसत नाही, पण हट्टाला म्हातारपण नसतं. शेवटी गाडी रंगकामाला सांगलीला गेली होती, ती आणून पाहुण्यांना कोयनानगरला घ्यायचं होतं. रिकामीच जाणार होती. मला नाही म्हणायला जागा उरली नाही. वाट वाकडी करून गावाकडं गेलो आणि आबांना पुढच्या सीटवर बसवलं. पांढरा पटका बांधून, काठी घेऊन ते तयारच होते.

कऱ्हाडला त्यांना लघवीला लागली. मी म्हणालो पुढं धाबा आहे. आबा उठून मागं गेले, या दाराला हात लाव, त्या दाराला लाव, आणि संडासाचं दार उघडलं. मग नाक पुढं करून वास घेतला, मेंढराच्या खुराला घ्यायचे तसा. दार लावून पुढं आले आणि विचारलं, "मंग हे जातं कुटं रं?"

त्या गाडीत बसलेल्या माणसांमध्ये हे विचारणारे आबा पहिले. मी म्हणालो, शिरवळला रिकामं करतो. आबा बरं म्हणाले आणि पाटणपर्यंत बाहेर बघत राहिले. मी चोरून त्यांच्याकडं बघत होतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

काकी अंगणात वाट बघत होती. दोघं म्हातारी एकमेकांपुढं बसली. मग ज्यांची ज्यांची मयत झाली त्यांची नावं निघाली. भाकरी झाली, पिठलं झालं. काकी मध्येच सांगत होती की माझ्यावर केवढे उपकार आहेत ह्याच्या पाण्याचे, म्हणजे मी भरून दिलेल्या पिंपाचे. जेवून उठल्यावर आबांनी तांब्या मागितला.

काकी म्हणाली, आवं भावजी, त्या पाण्याकडं जाऊ नका, धरणी हलली तेव्हापासून बिघडलंय. आबा म्हणाले, बघू तरी. तीन वेळा थांबत ते झऱ्यापर्यंत चढले. मी मागून, काकी माझ्या मागून. कुंडीच्या काठावर हळद-कुंकू वाळलेलं होतं, एक हिरवा खण आणि अर्धा नारळ होता. आबांनी तांब्या बुडवला, वर घेतला आणि नाकाशी धरला.

वास अजून होता. थोडासाच, पण तोच. आबांचा डोळा गेलाय, नाक गेलेलं नाही. त्यांनी वरच्या खाचराकडं बघितलं, तिथल्या रस्त्यावर उभ्या गाडीकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. काकीकडं वळून दोन्ही हातांनी तांब्या उचलला आणि ओठाला लावायला लागले, तळ उठवायच्या दिवशी प्यायचे तसे, सगळ्यांसमोर.

मी त्यांचा हात धरला.

"आबा, पिऊ नगा. धरनीनं न्हाई झालं. मी गाडीतलं सोडलं हुतं वर."

काकी म्हणाली, "आंगुळीचं पानी म्हनला हुतास."

"न्हाई काकी. संडासाचं. तीन डाव."

मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी खाली मान घालून घेतल्या असत्या आणि हलका झालो असतो. ती कुंडीच्या काठावर बसली आणि त्या वाळलेल्या खणाला हात लावला.

"मी झऱ्याची ओटी भरली रं," ती म्हणाली. "मला वाटलं, माजंच कायतरी चुकलं. इटाळ झाला आसंल, कवा वंगाळ बोलले आसंन. सलाईन लावलं तवा बी मी धरनीमायची माफी मागत हुते."

आबांनी तांब्या हळू ओतून दिला आणि रिकामा तांब्या मांडीवर घेऊन बसले. मी तिथंच जमिनीवर बसलो. पन्नाशीला आलेला माणूस, आणि तोंड कुठं लपवावं हे कळेना. रडायला येत होतं, पण रडायचाही हक्क मला वाटेना.

मग मी मालकाला फोन करून खरं ते सांगितलं, की येणार नाही, पाहुण्यांना दुसरी गाडी धाड. त्यानं आईमाईवरून उद्धार केला, मी ऐकून घेतला. आठ दिवस आम्ही तिथं राहिलो, गाडीतच. वरच्या खाचरातली वीतभर माती मी कुदळीनं खरवडली, पाटीनं वाहिली आणि झऱ्यापासून लांब, पार खालच्या ओढ्याच्याही पल्याड खड्डा काढून पुरली. ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याला बोलावून आणलं. त्यालाही काय झालं ते सगळं सांगावं लागलं, आणि त्यानं वाडीला सांगितलं. लोक बांधावर येऊन बघून जायचे. कुंडी उपसली, घासली, चुना लावला, पुन्हा उपसली. पाणीवाला म्हणाला, आतल्या भेगांतलं पावसाळ्याशिवाय धुऊन जायचं नाही, तोवर हे पिऊ नका. काकीच्या कळश्या मी खालून भरून आणायचो. ती नको म्हणाली नाही, आण असंही म्हणाली नाही.

जेवायला मात्र घालायची. उपाशी ठेवायची त्या घरची रीत नाही. आबांचं ताट आत, चुलीपाशी. माझं ताट ती बाहेरच्या पायरीवर ठेवायची आणि आत जायची. पहिल्या दिवशी ते ताट बघितलं आणि आमच्या गावातली त्या घरांची माणसं मला आठवली, पायरीखाली ओंजळ धरून उभी राहणारी. त्यांनी कुणाच्या पाण्यात घाण सोडली नव्हती. ते काम करत होते, एवढंच. मी पायरीवर बसून भाकरी खाल्ली. कामाची लाज त्या पायरीवर संपली आणि दुसरी सुरू झाली, ती अजून आहे.

निघायच्या सकाळी आबा पटका बांधून दारात उभे राहिले. हातात सवयीनं तांब्या घेतलेला होता, रिकामा. तो भरता येणार नव्हता. त्यांच्या उभ्या जन्मात ते पहिल्यांदा पाणी न पिता त्या खोऱ्यातून निघाले. तांब्या त्यांनी पायरीवर ठेवला आणि काकीला हात जोडले. काकीनंही जोडले.

"भावजी, पुढच्या साली या," ती म्हणाली. "तुमी या. ह्याला आनू नगा."

आबांनी मान हलवली. मी गाडी चालू केली.

माझी नोकरी राहिली, कारण हे काम करायला मालकाला दुसरं कुणी मिळेना. आता शिरवळला टाकी रिकामी करतो तेव्हा हातमोजे लपवत नाही. बायकोला सांगितलंय, गावातही कळलंय. लाल दिवा लागला की ट्रिप अर्धी सोडून मागं फिरतो, पाहुणे काय ओरडायचे ते ओरडोत, आणि का फिरतोय तेही तोंडावर सांगतो. त्या पावसाळ्यानंतर पाणीवाल्यानं झऱ्याचं पाणी तपासायला नेलं, चांगलं निघालं. काकी पुन्हा तेच पाणी पिते, हे शेजारणीनं आबांना फोनवर सांगितलं.

परवाच्या दिवाळीनंतर, कळप निघायचे त्या दिवसांत, आबा सकाळी अंघोळ करून अंगणात आले. पटका बांधलेला, काठी हातात, पिशवीत तांब्या. म्हणाले, चल, पाणी चांगलं झालंय, वैनीकडं जाऊन पिऊन येऊ. मग त्यांचं त्यांनाच आठवलं, मला आणू नका म्हटलेलं. मी म्हणालो, चुलतभावाच्या जीपमधून धाडतो, तुम्हाला तर या म्हटलंय तिनं.

"माजं जनावर चुकलं," आबा म्हणाले, "त्येला दारात ठिवून मी एकटा कुटल्या तोंडानं जाऊ?"

मग ते ओट्यावर बसले, पटका सोडला, त्याची नीट घडी केली आणि सूनबाईला आत ठेव म्हणाले.